उच्चार, अर्थ आणि श्रवण : पंडिता रमाबाईंच्या संदर्भात मानवी आवाजाचा ख्रिस्ती विचार

जाक देरिदा ह्या फ्रेंच तत्त्वचिंतकाने १९६७ मध्ये पाश्चात्त्य विचारपरंपरेवर ध्वनिकेंद्रिततेचा आरोप ठेवला, त्याला आता अर्धशतक उलटून गेले आहे. बोलणाऱ्याला स्वतःचे बोलणे त्याच क्षणी ऐकू येते. त्यामुळे अर्थ आपल्यापाशी साक्षात हजर आहे, मध्ये कोणतेही चिन्ह नाही, कोणताही विलंब नाही, असा भास त्याला होतो. आणि ह्या भासाच्या पायावर प्लेटोपासून हुसर्लपर्यंतच्या तत्त्वज्ञांनी सत्याची कल्पना उभारली, असा त्या आरोपाचा मथितार्थ. मराठी समीक्षेत हा विचार उशिरा पोचला आणि पोचला तोही बहुधा सारांशरूपाने. त्याचा एक परिणाम मात्र ठळकपणे दिसतो. समीक्षकाच्या लेखी ‘आवाज’ हा शब्द केवळ रूपकापुरता उरला. स्त्रीचा आवाज, दलितांचा आवाज, कवीचा स्वतःचा आवाज असे आपण सर्रास म्हणतो (पुस्तकांच्या मलपृष्ठांवर तर ह्याखेरीज दुसरे काही नसतेच). पण त्या आवाजाला घसा असतो, श्वास असतो, तो कोणाच्या तरी कानावर पडतो, ह्याचा विचार त्या म्हणण्यात नसतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महाग पडली आहे. कारण ह्या वाङ्मयापुढचा मूळ प्रश्नच आवाजाचा आहे. मानवी आवाजाचे सामर्थ्य त्याच्या ध्वनीत असते की तो ध्वनी ज्याच्यासाठी बाजूला होतो त्या अर्थात असते, हा तो प्रश्न. आणि तो सर्वांत तीव्रतेने जिच्या आयुष्यात उभा राहिला ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

ख्रिस्ती परंपरा ही ध्वनिकेंद्रिततेचे आदिपीठच आहे, असे वरवर पाहता वाटते. उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टी उच्चाराने अस्तित्वात येते. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ शब्दाच्या अनादित्वाने होतो. श्रद्धा श्रवणातून उपजते, असे पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो. ख्रिस्ती मंडळी हे लेखणीचे नव्हे, मुखाचे घर आहे, असे ल्यूथर बजावतो. परंतु ह्याच परंपरेत आवाजाविषयी जो सर्वांत सूक्ष्म विचार झाला आहे तो ह्या समजुतीला छेद देणारा आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्मोत्सवानिमित्त दिलेल्या एका प्रवचनात संत ऑगस्टीनने आवाज आणि शब्द ह्यांच्यात भेद केला. योहान हा केवळ आवाज. ख्रिस्त हा शब्द. बोलण्याआधी शब्द बोलणाऱ्याच्या अंतःकरणात असतो. तो ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात पोचावा म्हणून आवाजाचे वाहन घ्यावे लागते. पोचवून झाले की आवाज विरून जातो आणि शब्द दोघांच्याही ठायी राहतो. स्वतः क्षीण होत जाणे हेच आवाजाचे काम, आणि तेच त्याचे वैभव. ऑगस्टीनच्या मांडणीतला आणखी एक बारकावा लक्षणीय आहे. ह्या ‘आवाजा’चा पिता जखऱ्या हा लूकच्या कथनात मुका झालेला आहे, मुलाचे नाव पाटीवर लिहून दिल्यावरच त्याची वाचा परत येते. आवाजाच्या जन्माआधी मौन आणि लेखन!

देरिदाच्या टीकेचे लक्ष्य स्वतःचेच बोलणे ऐकणारा जीव हे आहे. बायबलमधील आवाज मात्र बहुधा दुसऱ्याचा असतो आणि तो ओळखूही येत नाही. बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, तेव्हा वृद्ध याजक एली आपल्याला बोलावतो आहे असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावतो. एलीयाला वादळात, भूकंपात, अग्नीत देव भेटत नाही. त्यानंतरच्या अगदी मंद ध्वनीत भेटतो. येथे आवाज म्हणजे अर्थाची निःशंक उपस्थिती नव्हे. अर्थ कोणाचा आहे, कोणासाठी आहे, हे अजून ठरायचे आहे, अशी ती अवस्था आहे. एली शमुवेलाला काय सांगतो? परत जाऊन निज, आणि पुन्हा हाक आली तर ऐकत असल्याचे सांग. आवाजाचे सामर्थ्य अशा रीतीने ऐकणाऱ्याच्या बाजूला सरकते.

तथापि ऑगस्टीनलाही हा निवाडा सुखाने पेललेला नाही. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात तो उपासनागीतांविषयी जे लिहितो त्यात तळमळ आहे. गायिल्या गेलेल्या आशयापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते तेव्हा आपण पाप करतो, असे त्याला वाटते; अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथनेशियस स्तोत्रे जवळजवळ बोलल्यासारखी म्हणवून घेत असे, ती रीत त्याला सुरक्षित वाटते; आणि तरीही नव्या श्रद्धेच्या दिवसांत त्या गाण्यांनी आपल्या डोळ्यांतून पाणी काढले होते हे आठवून तो गायनाला अनुमती देतो. सोळा शतकांनंतर रोलाँ बार्थने १९७२ च्या एका निबंधात गाणाऱ्याच्या आवाजाच्या पोताचा, त्यातल्या शरीराचा गौरव केला. ऑगस्टीनला ज्या गोष्टीची भीती वाटत होती, बार्थचा आनंद नेमका तिथेच आहे. म्हणजे ख्रिस्ती विचाराने आवाजाला अर्थाचा सेवक ठरवले खरे. पण हा सेवक धन्याहून बलवान आहे ही शंका त्याला कधीच सोडून गेली नाही.

हा विचार भारतात आला तेव्हा त्याला आवाजाविषयीची एक अतिशय प्रौढ आणि अगदी निराळी परंपरा भेटली. मीमांसकांच्या मते वेदातला शब्द नित्य आणि अपौरुषेय आहे. त्याला वक्ता नाही आणि वक्ता नाही म्हणूनच त्याला दोष चिकटत नाही. उच्चारणारा कंठ शब्द निर्माण करीत नाही, केवळ प्रकट करतो. पुराणश्रवणाचा व्यवहार ह्या दर्शनाच्या पातळीवरचा नाही. दोहोंची सरमिसळ करणे चुकीचे होईल. पण लोकव्यवहारात एक समान सूत्र मात्र दिसते : पवित्र उच्चाराचे फळ समजण्यावर अवलंबून नसते. पुराणांच्या शेवटी येणारी फलश्रुती ऐकणाऱ्याला फळ देते. तो समजला की नाही ह्याची चौकशी ती करीत नाही.

ह्या परंपरेशी मराठीत पहिला मोठा व्यवहार केला तो फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथावर मराठीत जे लेखन झाले त्यात त्याची भाषा, त्यातील कोंकणी छटा, छंद, ज्ञानेश्वरी-एकनाथांशी असलेले नाते ह्यांची चर्चा पुष्कळ आहे. पहिल्या अवस्वरातील मराठीची प्रशस्ती तर पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची झाली आहे. पण त्याच अवस्वरातील एका प्रसंगाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. साष्टीतल्या चर्चमध्ये ख्रिस्ती सिद्धान्ताची शिकवणूक चालू असता श्रोत्यांतला एक ब्राह्मण उठतो आणि विनवतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? ही मागणी ज्ञानाची नाही. सिद्धान्त शिकवला जात आहेच. बाप्तिस्म्यानंतर जो नाहीसा झाला तो ऐकण्याचा सोहळा त्याला परत हवा आहे. स्टीफन्सने ही उणीव ओळखली आणि तिला काव्याच्या चौकटीत स्थान दिले, ह्यातच त्याची प्रतिभा दिसते. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये हे पुराण मोठ्याने वाचले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. पण ह्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत शिल्लक असल्याचे ज्ञात नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ग्रंथ टिकला तो हाती उतरवलेल्या प्रतींवर. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या कुटुंबांबरोबर तो मंगळूरला पोचला आणि १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा ह्यांनी अशा हस्तलिखितांवरून त्याची आवृत्ती सिद्ध केली. पुराणाची बैठक ज्यांना हवी होती त्यांनी ग्रंथ जगवला, असे म्हणता येईल. ऑगस्टीनच्या दृष्टीने पाहिल्यास येथे एक धोका आहेच. श्रोता शब्दासाठी आला की पुराणाच्या लयीसाठी? स्टीफन्सने ह्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. दोन्ही एकाच वेळी मिळतील अशी व्यवस्था केली. कवीला ते साधते. ज्या व्यक्तीचे बालपणच पुराण सांगण्यावर पोसले गेले, तिला ही व्यवस्था स्वीकारता येणे कठीण होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या मातेने मुलीला. हे शिक्षण पाठांतराचे होते. पुस्तकापेक्षा कान आणि जीभ ह्यांवर भर असलेले. कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर हिंडे आणि पुराणे वाचून निर्वाह करी. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी ह्या व्यवसायाचे जे वर्णन केले आहे ते आवाजाच्या अभ्यासकाने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. देवळाच्या आवारात, नदीच्या घाटावर, झाडाखाली पुराणिकाने बसावे, पोथी उघडावी आणि मोठ्याने वाचू लागावे. लोक जमतात, ऐकतात, नमस्कार करतात, फळे-फुले-पैसे ठेवतात. वाचन संस्कृतात, त्याचा अर्थ देशभाषेत सांगण्याची गरज नाही, कारण ऐकण्यानेच पुण्य मिळते. ह्या वर्णनातला स्वर उपरोधाचा आहे, पण तिरस्काराचा नाही. आपण भीक मागितली नाही, कष्टही केले नाहीत, आवाजावर जगलो, असे ही लेखिका सांगते. आणि लागलीच सांगते की दुष्काळात हा आवाज उपयोगी पडला नाही. पिता, माता, मोठी बहीण एकापाठोपाठ गेली. अर्थाविना उच्चाराचे सामर्थ्य जिच्या घरात उपासमारीने संपले, तिला त्या सामर्थ्याची तात्त्विक चर्चा करण्याची गरज नव्हती.

ह्या आवाजालाही मर्यादा आखलेली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. स्त्रीला पुराण उच्चारता येई, वेद नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंचे संस्कृत भाषण ऐकून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. प्रत्यक्ष वाग्देवतेचे नाव दिले. पुढे केशवचंद्र सेन ह्यांनी वेदाची प्रत हाती ठेवली तेव्हा स्त्रीने वेद वाचावा कसा, ह्या विचाराने त्याच सरस्वतीला संकोच झाला. ज्याला वक्ता नाही असा शब्द कोणत्या कंठातून यावा हे मात्र काटेकोरपणे ठरलेले होते. अपौरुषेयतेच्या सिद्धान्ताची ही व्यावहारिक बाजू दर्शनग्रंथांच्या चर्चेत क्वचितच येते.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनकाळातली एक आठवण चरित्रकार सांगतात. रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या, आवाज लहान म्हणून श्रोत्यांत गडबड झाली. तेव्हा त्यांनी सुनावले की ह्यात नवल ते काय, स्त्रीला आपला आवाज मोठा करण्याची संधी तुम्ही कधी दिलीच नाही. ह्या उत्तराचे कौतुक आजही होते आणि ते योग्यच आहे. त्यातला श्लेष फार नेमका आहे : घशातला आवाज आणि समाजातला आवाज एकाच वाक्यात आणून त्यांनी रूपकाला त्याच्या शरीराची आठवण करून दिली. रमाबाईंची जी प्रतिमा आधुनिक मराठी विचाराने उभी केली तिच्या केंद्रस्थानी हा प्रसंग आहे. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२), हंटर आयोगापुढील साक्ष, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) आणि हे भाषण, असा एक सुसंगत, तर्कशुद्ध आवाज त्यातून घडतो.

१९०५ मध्ये केडगावला जे घडले ते ह्या प्रतिमेत बसत नाही. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली-बायका आता मुक्ती मिशनमध्ये राहत होत्या. त्या वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी जागृतीसाठी खास प्रार्थना सुरू केली. प्रथम सुमारे ७० जणी जमत, काही महिन्यांत ही संख्या पाचशेच्या पुढे गेली. जूनअखेर एका रात्रीपासून मुली रडू लागल्या, आपली पापे मोठ्याने कबूल करू लागल्या, आणि सगळ्याजणी एकाच वेळी, प्रत्येकजण आपापली, अशा प्रार्थना करू लागल्या. हा गलका तासन्‌तास चाले. पुढच्या काळात काहींनी अज्ञात भाषांत प्रार्थना केल्याचेही वृत्त आले. ख्रिस्ती परिभाषेत ह्याला अन्यभाषा बोलणे म्हणतात.

मराठीतील रमाबाईविषयक लेखन ह्या ठिकाणी चाल वाढवते. अनुयायांनी लिहिलेली चरित्रे चमत्कार म्हणून डोळे मिटतात; सुधारणावादी आणि स्त्रीवादी अभ्यास हा भाग एखाद्या उताराप्रमाणे घाईने ओलांडतात. १८८९ चा आवाज आपलासा वाटतो, १९०५ चा गलका अडचणीचा. पण आवाज म्हणजे केवळ सुबोध, युक्तिवाद करणारे, सभेत शोभणारे बोलणे, अशी व्याख्या आपण गृहीत धरली आहे काय? ज्या मुलींना सभेत बोलता येणार नव्हते, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हते, त्यांच्या कंठातून आलेल्या ध्वनीला आवाज म्हणायचे नाही, असे तर आपण ठरवीत नाही? हा प्रश्न टाळून रमाबाईंचे कोणतेही वाचन पुरे होणार नाही.

आक्षेप त्या काळीही आले. उपासनेत शिस्त आणि शांतता अपेक्षिणाऱ्या पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांना हा प्रकार रुचला नाही. रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेअर बेल’ ह्या आपल्या पत्रिकेतून १९०७ मध्ये त्याला उत्तर दिले. पवित्र आत्म्याला अन्य देशांतल्या ख्रिस्ती लोकांत जसे स्वातंत्र्य आहे तसे भारतीयांत का असू नये, आणि जे इंग्रजी सभ्यतेच्या मापात बसत नाही ते सारे सैतानाकडून आलेले का मानावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. वसाहतकाळात आवाजाच्या पातळीवर झालेला हा एक महत्त्वाचा प्रतिवाद आहे. सभ्यतेने शांततेचे जे मोजमाप ठरवले ते सार्वत्रिक नाही, हे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे. ज्या स्त्रीचा आवाज लहान म्हणून सभा गडबडली होती ती आता मोठ्या आवाजाची वकिली करीत होती.

मग खरी अडचण समोर येते. पुराणिकाचे संस्कृत श्रोत्यांना कळत नव्हते म्हणून ज्या रमाबाईंनी त्या श्रवणाची व्यर्थता दाखवली, त्यांनी कोणालाच न कळणाऱ्या उच्चाराला आश्रय कसा दिला? साक्ष आणि हे उत्तर दोन्ही १९०७ मधलीच आहेत. मधे मतांतर झाले असे म्हणून सुटता येत नाही. अर्थहीन ध्वनी समोरच्या दाराने घालवला आणि मागच्या दाराने आत घेतला, असा निष्कर्ष कोणी काढील. पण हे दोन ध्वनी एका जातीचे नाहीत. पुराणिकाच्या उच्चारात बळ आहे ते तो कोणाचाही नसल्यामुळे. वाचणारा कोण, त्याचे आयुष्य काय, ह्याला महत्त्व नाही. कंठ ही नळी आहे. मुक्तीतल्या मुलीच्या उच्चारात बळ आहे ते तो तिचाच असल्यामुळे. तिच्या भोवती पाचशे जणी ओरडत आहेत, तरी तिची कबुली दुसरी कोणी देऊ शकत नाही. एकीकडे अर्थ नसला तरी चालतो कारण ध्वनी स्वयंसिद्ध आहे. दुसरीकडे अर्थ अपुरा पडतो कारण बोलणारीपाशी सांगण्यासारखे आहे आणि त्यासाठी शब्द तिला कोणी दिलेले नाहीत. मीमांसेचा शब्द वक्त्याशिवाय असतो; ख्रिस्ती विचारातला शब्द कोणाचा तरी असतो, कोणाला तरी उद्देशून असतो. अन्यभाषेतही, ती कोणाला कळो न कळो, हा उद्देश शिल्लक राहतो.

अर्थात हे विवेचन फार सोयीचे होऊ नये. अन्यभाषा बोलणारी आपण बोलत नसून आत्मा बोलतो आहे असे म्हणते, तेव्हा तिचा कंठही पुन्हा नळीच ठरत नाही काय? येथे रमाबाईंनी दिलेला एक तपशील उपयोगी पडतो. इंग्रजी न येणारी एक मुलगी स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकली, असे त्या नोंदवतात. ह्या घटनेच्या सत्यतेचा निवाडा साहित्यसमीक्षेने करण्याचे कारण नाही. लक्षणीय आहे ती निवड. त्या साऱ्या कल्लोळातून, बोलणारीला न कळणारा पण ऐकणारीला कळलेला उच्चार रमाबाईंनी वेचून सांगितला. अर्थाचा आग्रह त्यांनी सोडलेला नाही. तो बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे नेला आहे. शमुवेलाच्या गोष्टीत आवाजाचे सामर्थ्य सरकले होते ते ह्याच बाजूला.

आणि ह्याच वर्षांत त्या बायबलचे भाषांतर करीत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषा त्यांनी प्रौढ वयात आत्मसात केल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या साध्या बाईला ती ऐकून कळत नाही, आणि तिच्यातल्या शब्दांना हिंदू धर्मविचाराचे अर्थ चिकटलेले आहेत, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतात घडलेल्या विदुषीने संस्कृत शब्द गाळत बसावे, ह्यात पुराणिकाच्या मुलीचा हिशोब दिसतो. जुळणीपासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच मुली-बायकांनी केले. ज्या जागी गलका उठला त्याच जागी खिळे जुळवले जात होते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो की सभेत अन्यभाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द बरे. हा अध्याय रमाबाईंनाही मराठीत आणावाच लागला. केडगावच्या प्रार्थनागृहात काय चालले आहे हे ठाऊक असताना तो मराठीत उतरवणाऱ्या भाषांतरकर्तीच्या मनात काय झाले असेल, ह्याची कल्पनाच करावी लागते. तिने त्यावर भाष्य ठेवलेले नाही. पण दोन्ही कामे तिने सोडली नाहीत.

वाङ्मयीन दृष्ट्या ह्या भाषांतराचा निकाल संमिश्र लावावा लागतो. मुळाच्या शब्दाशी इमान राखण्याच्या हट्टामुळे ही मराठी ठिकठिकाणी अडखळते. बोललेल्या मराठीची वळणे तिच्यात यावीत ह्यासाठी जी मोकळीक घ्यावी लागते ती घेण्याची रमाबाईंची तयारी नव्हती. ऐकणाऱ्या बाईसाठी योजलेली भाषा कित्येकदा वाचणाऱ्या अभ्यासकाच्या उपयोगाची झाली, हा त्यातला विरोधाभास आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनीही उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू ठेवले. कानाला हवी असलेली लय त्यांना मिळाली ती दुसऱ्या वाटेने. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी आणि विशेषतः नारायण वामन टिळकांनी अभंग आणि पदे ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक मानत. हा स्टीफन्सचाच मार्ग, तीन शतकांनी पुन्हा उघडलेला. टिळकांची पदे मंडळ्यांतून आजही गायिली जातात. गाणाऱ्याला त्यांतला आशय हलवतो की चाल, ही ऑगस्टीनची शंका तेथे कोणी उपस्थित करीत नाही. रमाबाईंनी ती वाट धरली नाही, ह्याचे कारण काव्यशक्तीच्या अभावात शोधण्यापेक्षा त्यांच्या बालपणात शोधावे. लयीवर किती काळ जगता येते हे टिळकांना ठाऊक नव्हते, रमाबाईंना होते.

एक गोष्ट अद्याप सांगायची राहिली आहे. इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेण्याचा रमाबाईंचा बेत होता. कानांच्या दुखण्यामुळे तो सोडून द्यावा लागला, आणि पुढे हे बहिरेपण वाढतच गेले. श्रवणातून श्रद्धा उपजते हे पौलाचे वचन मानणारी ही स्त्री आयुष्याचा मोठा काळ ऐकण्यासाठी धडपडत होती. आपला आवाज किती लहान किंवा किती मोठा पडतो आहे ह्याचा अंदाज अशा व्यक्तीला सहज येत नसतो, हे ध्यानात घेऊन १८८९ ची आठवण पुन्हा वाचली तर त्या उत्तराला आणखी एक पदर दिसतो. स्वतःचे बोलणे स्वतःला निःशंकपणे ऐकू येणे, ज्यावर देरिदाच्या मते सारे पाश्चात्त्य तत्त्वज्ञान उभे आहे, ते रमाबाईंच्या वाट्याला आलेच नाही. मुक्तीतल्या मुलींचा गलका इतरांना असह्य वाटत होता. त्यातले रमाबाईंपर्यंत किती पोचत असेल? एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर भाषांतराच्या मुद्रितांचे काम हातात होते. संपूर्ण बायबल छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये.